डॉक्टरांचे सहायक : नोंदणी, नूतनीकरण आणि निरंतर शिक्षण

आपल्या ट्रस्टकडे शिष्यवृत्तीसाठी येणारे अर्ज आम्ही दरवर्षी वाचतो. पूर्वी ह्या अर्जांत आयटीआय, डी.एड. आणि वाणिज्य शाखा हीच नावे बहुतांशी असत. अलीकडे त्यांत परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ, ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ अशी नावे दिसू लागली, आणि आता ‘फिजिशियन असिस्टंट’ हे नवे नावही येऊ लागले आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली ह्या भागांतील आपल्या कुटुंबांचे आईवडील धुळे, नंदुरबार, जळगाव ह्या जिल्ह्यांतून पोटासाठी सुरतेस आले आणि यंत्रमागावर व साड्यांच्या कामावर राबले. त्यांची मुलेमुली आज रुग्णसेवेच्या क्षेत्रात पाऊल टाकीत आहेत, ही महोत्सवाच्या वर्षी आनंद मानावा अशीच गोष्ट होय.

परंतु अर्जदारांशी बोलताना एक उणीव आम्हांस वारंवार जाणवते. “शिक्षण पूर्ण झाल्यावर नाव कोणत्या परिषदेकडे नोंदवावे लागेल? ती नोंदणी किती वर्षे चालते?” असे विचारले म्हणजे मुले गप्प बसतात. सोबत आलेले पालक मात्र लगेच म्हणतात, “साहेब, एकदा सर्टिफिकेट मिळाले की झाले ना?” झाले नाही, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे, पण ते नीट, उदाहरणांसह सांगावयाचे आहे.

दोन हकीकती

पहिली हकीकत एका मुलीची. तिने खानदेशातील एका संस्थेतून परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला, महाराष्ट्राच्या परिषदेकडे नाव नोंदविले आणि लग्न होऊन ती सुरतेस आली. दोन बाळंतपणे व सासूबाईंचे आजारपण ह्यांत सहा वर्षे निघून गेली. पुढे घरास हातभार लावावा म्हणून तिने एका रुग्णालयात अर्ज केला. मुलाखत उत्तम झाली. शेवटी कार्यालयातील कारकुनाने विचारले, “ताई, नोंदणीचे चालू नूतनीकरण कुठे आहे?” नूतनीकरण झालेले नव्हते, आणि नाव गुजरातच्या नोंदपुस्तकात आलेलेही नव्हते. तिचे वडील आम्हांस भेटले तेव्हा पुनःपुन्हा एकच वाक्य बोलत होते, “अहो, सर्टिफिकेट तर काच लावून भिंतीवर टांगले आहे!” कागदपत्रे पुरी होईपर्यंत काही महिने गेले. तोवर ती जागा दुसऱ्या कोणास मिळाली.

दुसरी हकीकत एका मुलाची. बारावीत गुण थोडे कमी पडले. ‘एका वर्षात डॉक्टरांचे असिस्टंट व्हा’ अशी जाहिरात वाचून त्याने प्रवेश घेतला. आईच्या पाटल्या गहाण ठेवून फी भरली. वर्ष संपल्यावर सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र हाती आले, पण ज्या ज्या रुग्णालयात तो गेला तेथे ते मानले गेले नाही. आज तो एका दुकानात काम करतो आणि पाटल्या सोडविण्यासाठी पैसे साठवितो आहे.

मुलगी आळशी नव्हती, मुलगा मूर्ख नव्हता. दोघांनाही वेळेवर कोणी सांगितले नाही, एवढेच. आणि असे सांगण्याचे काम आपल्यासारख्या संस्थेचे नाही तर कोणाचे?

चार वेगळ्या गोष्टी

ह्या विषयात सारा घोटाळा होतो तो चार वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे. त्या आधी वेगळ्या करून पाहू.

पहिली गोष्ट पदवी अथवा पदविका. ती विद्यापीठ किंवा शिक्षणसंस्था देते. अमुक विद्यार्थी अमुक अभ्यासक्रम शिकला व परीक्षेत उत्तीर्ण झाला, एवढेच ती सांगते. ती एकदा मिळाली की आयुष्यभर आपली.

दुसरी गोष्ट नोंदणी. ती कायद्याने स्थापन झालेली परिषद करते. ह्या मनुष्याने रुग्णास हात लावण्यास हरकत नाही, अशी ती समाजाला दिलेली ग्वाही असते.

तिसरी गोष्ट नूतनीकरण. परिषदेची ग्वाही कायमची नसते. ठराविक मुदतीनंतर अर्ज करून व फी भरून ती पुढे चालू ठेवावी लागते.

चौथी गोष्ट निरंतर शिक्षण. मधल्या काळात आपण काही नवे शिकलो, ह्याचा पुरावा. अनेक परिषदा तो पुरावा पाहिल्यावाचून नूतनीकरण करीत नाहीत.

दुकानाचे उदाहरण घेतले तर हे चटकन ध्यानात येईल. व्यापाराचे शिक्षण दुकानदाराजवळ कायमचे असते, पण वजनमापांची तपासणी त्यास वेळोवेळी करून घ्यावी लागते. काटा चांगला आहे हे दुकानदाराने सांगून चालत नाही. त्यावर शिक्का लागतो, आणि शिक्क्यालाही मुदत असते. रुग्णाच्या जिवाचा काटा तर ह्याहून नाजूक.

हा सहायक आला कोठून?

‘फिजिशियन असिस्टंट’ हे नाव नवे असले तरी कल्पना आपल्याकडे जुनी आहे. अहमदाबादेस १८७१ मध्ये ‘हॉस्पिटल असिस्टंट’ तयार करण्यासाठी १४ विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू झाला. पुढे १८७९ मध्ये सर बैरामजी जीजीभाई ह्यांनी २०,००० रुपयांची देणगी दिली आणि त्या शाळेस त्यांचे नाव मिळाले. आजचे बी. जे. मेडिकल कॉलेज ते हेच. एका दात्याच्या देणगीतून केवढे कार्य उभे राहते, हे ट्रस्टच्या सभासदांनी जाता जाता लक्षात घ्यावे. त्या काळच्या हॉस्पिटल असिस्टंटला बढतीसाठी ठराविक वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागे. म्हणजे ‘शिकलेले पुन्हा तपासून पाहणे’ हा काही आजचा शोध नव्हे.

गल्लीतल्या दवाखान्यातील कंपाउंडर तर आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिलेलाच आहे. काचेच्या बाटलीवर कागदी खुणा चिकटवून औषध देणारा हा मनुष्य अनुभवाने शहाणा असे. परंतु त्याच्या शहाणपणास कोणतेही माप नव्हते. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे नेण्याची सुरुवात केली, आणि कंपाउंडरचा जमाना हळूहळू सरला.

आजच्या अर्थाने फिजिशियन असिस्टंटचा जन्म अमेरिकेत झाला. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड ह्यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग चालू केला. त्यांतील तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. रणांगणावर जखमा बांधणाऱ्या ह्या लोकांना नागरी जीवनात काम नव्हते, आणि दुसरीकडे डॉक्टरांची टंचाई होती. दोन गरजा एकत्र आल्या.

आपल्या देशात ह्या अभ्यासक्रमाचा आरंभ १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये झाला. प्रसिद्ध हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन ह्यांचा त्यामागे पुढाकार होता. हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात रुग्णाची पूर्वपीठिका विचारून टिपून घेणे, तपासणी करणे, शस्त्रक्रियेच्या वेळी मदत करणे, वॉर्डात फेरी मारून डॉक्टरांना बातमी देणे, घरी जाताना रुग्णाचा सारांश तयार करणे, अशी कामे हा सहायक करू लागला. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतो. स्वतंत्र पाटी लावून दवाखाना काढणे हे त्याचे काम नव्हे. ज्या मुलामुलींना हा मार्ग धरावयाचा आहे त्यांनी ही मर्यादा पहिल्या दिवसापासून मनाशी बाळगावी.

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरांच्या नोंदणीसाठी मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये, तर परिचारिकांसाठी १९३५ मध्ये कायदा झाला. सुरत तेव्हा त्याच इलाख्यात होते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि पुढे महाराष्ट्राने १९६६ मध्ये व गुजरातने १९६८ मध्ये परिचारिकांसाठी आपापले कायदे केले. मात्र तंत्रज्ञ व सहायक ह्यांचा मोठा वर्ग अनेक वर्षे देशव्यापी कायद्यावाचून राहिला. फिजिशियन असिस्टंट चेन्नईत तयार होऊ लागल्यापासून जवळजवळ तीन दशके त्यांचे नाव नोंदवून घेणारे राष्ट्रीय नोंदपुस्तकच नव्हते.

ती उणीव २०२१ च्या कायद्याने भरून काढली. नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ह्या नावाचा हा कायदा असून त्यास २८ मार्च २०२१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात दहा वर्ग पाडून पन्नासाहून अधिक व्यवसाय घेतले आहेत. त्यांतील नवव्या वर्गात ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव आहे. राष्ट्रीय पातळीवर आयोग, प्रत्येक राज्यात परिषद, राज्याचे नोंदपुस्तक आणि केंद्राचे नोंदपुस्तक अशी त्याची रचना आहे. शिक्षणाचा किमान दर्जा ठरविणे आणि व्यवसायाची आचारसंहिता घालून देणे ही कामे आयोगाकडे आहेत. नोंदणी नसताना नोंदणीकृत म्हणवून घेणाऱ्यास दंडाची, आणि पुन्हा तसे केल्यास कैदेचीही तरतूद आहे.

कायदा झाला तरी अंमल सावकाश होता. तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व राज्ये ह्यांना ऑक्टोबरपर्यंतची मुदत घालून दिली. २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ज्या अभ्यासक्रमांचे एकसारखे आराखडे प्रसिद्ध केले, त्यांत फिजिशियन असोसिएटचाही समावेश आहे.

ह्या कायद्यातील एक साधे गणित प्रत्येक पालकाने पाठ करावे. ‘अलाइड’ म्हणजे सहायक अथवा तंत्रज्ञ म्हणवून घेण्यासाठी अभ्यासक्रम किमान २,००० तासांचा असावा आणि तो दोन ते चार वर्षांत विभागलेला असावा. ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणविण्यासाठी किमान ३,६०० तास आणि तीन ते सहा वर्षे लागतात. आता वर सांगितलेल्या मुलाच्या जाहिरातीकडे पाहा. ‘एका वर्षात असिस्टंट’ हे वाक्य कायद्याच्या पहिल्याच पायरीवर अडखळते. शिवाय नवी संस्था किंवा नवा अभ्यासक्रम काढण्यास पूर्वपरवानगी लागते. तेव्हा जाहिरातीतील इमारतीचे चित्र पाहण्यापूर्वी परवानगीचे पत्र पाहावे. पाटल्या वाचतील.

फी कशासाठी आणि कशी भरावी?

“दर काही वर्षांनी पुन्हा पैसे? ही तर वसुली झाली!” असे उद्‌गार आम्ही ऐकले आहेत. त्यांत तथ्य मुळीच नाही असे नव्हे. ज्याचा पगार तुटपुंजा आहे त्यास प्रत्येक रुपया मोजावा लागतो. परंतु नोंदपुस्तक ठेवणे, प्रमाणपत्रे खरी की खोटी हे पडताळणे, तक्रार आल्यास चौकशी करणे, ही कामे त्या पैशांवर चालतात. नोंदपुस्तक चोख असेल तरच खोट्या प्रमाणपत्राचा मनुष्य आपल्या मुलाच्या जागेवर बसू शकणार नाही. म्हणजे फी हे त्याच्या जागेचे कुंपणच होय.

फार्मसी कायद्याची रीत पाहण्यासारखी आहे. नूतनीकरणाची फी मुदतीत न भरल्यास नोंदपुस्तकातून नाव काढले जाते; ते पुन्हा घालता येते, परंतु अटी पाळून. नाव गेलेल्या काळात औषध देण्याचा अधिकार राहत नाही. ह्यावरून ध्यानात यावे की नुकसान फीचे नसते, विसरण्याचे असते. भरावयाची रक्कम एका दिवसाच्या कमाईची असेल, तर विसरल्याची किंमत कित्येक महिन्यांची असू शकते.

फीचे दर परिषदा वेळोवेळी बदलतात. म्हणून शेजाऱ्याने किती भरले हे विचारण्यापेक्षा परिषदेची चालू सूचना स्वतः वाचावी, रक्कम परिषदेकडेच भरावी, मध्यस्थाच्या हाती देऊ नये, आणि पावती नोंदणीच्या कागदाबरोबर जपून ठेवावी.

शिकणे का थांबवू नये?

आता निरंतर शिक्षणाचा मुद्दा. ह्यासाठी आपल्या शहराच्या आठवणीतील एक पान उघडू.

सप्टेंबर १९९४. बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगची बातमी आली आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने थैमान घातले. लाखो लोक रेल्वेने व बसने शहर सोडून गेले. आपल्यांपैकी कित्येक कुटुंबांनी भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांची ती गर्दी अनुभवली आहे. त्याआधी भारतात प्लेगचा मनुष्यरोगी नोंदला गेला होता तो १९६६ मध्ये. म्हणजे त्यानंतर शिकलेल्या डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञांच्या पिढीने हा रोग पुस्तकातच पाहिला होता. टेट्रासायक्लिन हे साधे औषध वेळेवर दिले तर रोगी वाचतो, रोग्यास वेगळे कसे ठेवावे, तोंडावर पट्टी कशी बांधावी, हे ज्ञान नवीन नव्हते. ते विस्मरणात गेलेले होते. ज्यांना ते आठवत होते, ते जागेवर उभे राहिले. ज्यांना आठवत नव्हते, त्यांच्यात भय शिरले. काही खाजगी डॉक्टरही त्या दिवसांत शहर सोडून गेले.

दुसरे उदाहरण नेमके उलटे आहे. तेथे ज्ञानच बदलले. हृदय थांबलेल्या मनुष्यास वाचविण्याची रीत २०१० पूर्वी अशी शिकवीत, की आधी श्वासमार्ग मोकळा करा, मग श्वास द्या, मग छाती दाबा. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा क्रम बदलला आणि छाती दाबणे प्रथम आणले. कारण श्वासाच्या तयारीत मोलाचे क्षण जातात व मेंदूस रक्त मिळत नाही. पुढे मिनिटास १०० ते १२० वेळा दाबावे, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जावी, असे मापही ठरले. जो २००८ मध्ये उत्तीर्ण झाला आणि नंतर पुस्तक मिटून बसला, तो आजही आपल्या समजुतीने अगदी बरोबर, पण रुग्णाच्या दृष्टीने उशिरा काम करील. त्याचे प्रमाणपत्र खरे आहे. त्याचे ज्ञान मात्र मुदतबाह्य झाले आहे.

तिसरे उदाहरण आपल्या शेताशिवाराचे. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, अंगदुखी, डोळे लाल, आणि पुढे मूत्रपिंडांवर घाला. वरवर पाहता मलेरियाच वाटावा. रोग्याशी प्रथम बोलणारा सहायक जर विचारील, “भाऊ, गेल्या पंधरा दिवसांत शेतातल्या पाण्यात उभे राहिला होता का? पायाला जखम होती का?” तर डॉक्टरांना दिशा मिळते. हा एक प्रश्न विचारावा हे ज्यास ठाऊक आहे, त्याने आपले शिक्षण चालू ठेवले आहे असे समजावे.

तासांचा हिशेब

किती शिकावे ह्याचे माप ठिकठिकाणी ठरलेले आहे. डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारनियमांत पाच वर्षांत किमान ३० तास सांगितले आहेत. परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचे माप पाच वर्षांत १५० तासांचे आहे. फार्मासिस्टसाठी २०१५ च्या नियमांत पाच वर्षांत किमान एकेका दिवसाचे दोन उजळणी वर्ग सांगितले आहेत. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंटना प्रमाणपत्र टिकविण्यासाठी दर दोन वर्षांत १०० तासांचे शिक्षण दाखवावे लागते, आणि दहा वर्षांच्या चक्रात परीक्षेस पुन्हा सामोरे जावे लागते. तेथे राज्याचा परवाना वेगळा व त्याची फीही वेगळी.

हे आकडे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. पाच वर्षांत १५० तास म्हणजे वर्षास ३० तास, महिन्यास अडीच तास. सहायकांच्या नव्या वर्गातील आपल्या मुलामुलींनी परिचारिकांचेच माप आपले मानून आतापासून चालावे. महिन्याकाठी अडीच तास आपण कशाकशात घालवितो ह्याचा ज्याने त्याने विचार करावा. जड जाते ते सारे एकदम करण्यास. पाचव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात १५० तास कोठून आणणार? मग वाममार्ग सुचतो. सही करून चहा पिऊन निघून जाणे, न बसलेल्या वर्गाचा दाखला मिळविणे, असे प्रकार होतात हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. असा दाखला परिषदेस फसवू शकेल, पण चिखलातून तापलेल्या अंगाने आलेल्या शेतकऱ्यास तो काय उपयोगाचा?

अर्थात कोणताही वर्ग चालत नाही. परिषदेने मान्य केलेल्या कार्यक्रमाचेच तास मोजले जातात. म्हणून नाव देण्यापूर्वी तो मान्य आहे काय, हे विचारावे व दाखला त्याच दिवशी घ्यावा.

नवापूरचे बाक

सुरतेतील मराठी कुटुंबांची एक अडचण इतरांस नसते. सुरतेहून भुसावळकडे जाताना नवापूर स्टेशन लागते. त्या स्टेशनाचा काही भाग गुजरातेत व काही महाराष्ट्रात आहे. फलाटावरील एका बाकाचेही दोन राज्यांत दोन भाग पडलेले आहेत. आपल्या मुलींचे आयुष्य पुष्कळदा ह्याच बाकावर बसलेले असते. शिक्षण नंदुरबार, धुळे किंवा नाशिकला, आणि नोकरी सुरतेस.

विद्यापीठाची पदवी सीमेपलीकडे येताना बदलत नाही. परंतु परिचारिकेचे नोंदपुस्तक राज्याराज्याचे वेगळे आहे. महाराष्ट्रात नाव नोंदविलेल्या मुलीने गुजरातेत काम करावयाचे तर मूळ परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र व पडताळणी घेऊन गुजरात परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मूळ नोंदणीच जर मुदतबाह्य असेल तर आधी ती चालू करावी लागते. म्हणजे एका विसरण्यामुळे दोन कार्यालयांच्या पायऱ्या. लग्न ठरताना दागिने व मानपान ह्यांची यादी होते. मुलगी नोंदणीकृत असेल तर तिच्या नोंदणीचा कागदही त्या यादीत धरावा, अशी आमची दोन्हीकडच्या मंडळींस विनंती आहे. सासरच्यांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण बाळंतपणाच्या काळात नूतनीकरणाची तारीख सुनेला आठवेलच असे नाही. घरातील कोणीतरी आठवण ठेवावी.

नावाचा मोह

आणखी एका बाबतीत सावध करणे आमचे कर्तव्य आहे. अमेरिकेतील ह्या व्यावसायिकांच्या संघटनेने २०२१ मध्ये ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हे नाव पसंत केले. आपल्या कायद्यातही तोच शब्द आहे. पण ब्रिटनमध्ये वेगळेच घडले. तेथे डिसेंबर २०२४ पासून ह्या लोकांची नोंदणी डॉक्टरांच्याच परिषदेकडे, म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिलकडे, सुरू झाली. तरी समोरचा मनुष्य डॉक्टर आहे की नाही हे रुग्णांस कळत नाही अशी तक्रार वाढली. जुलै २०२५ मध्ये चौकशीचा अहवाल आला आणि त्याने पुन्हा ‘असिस्टंट’ हेच नाव ठेवावे अशी शिफारस केली.

ह्यातून बोध असा, की शब्द कोणताही असो, रुग्णास प्रथम सांगावे, “मी डॉक्टर नाही, डॉक्टरांचा सहायक आहे.” असे सांगण्याने मान कमी होत नाही. उलट ज्याचे नाव नोंदपुस्तकात आहे व ज्याचे ज्ञान ताजे आहे, त्यास हे वाक्य बोलताना संकोच वाटण्याचे कारणच नाही.

आपण काय करावे?

लेख वाचून पान उलटले असे होऊ नये म्हणून आम्ही ट्रस्टपुढे चार सूचना ठेवतो.

एक, रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मंजूर करताना संस्थेच्या मान्यतेचे पत्र व अभ्यासक्रमाचे तास अर्जासोबत मागावेत. जेथे ते मिळणार नाहीत तेथे पैसे देऊ नयेत, आणि कुटुंबास कारण समजावून सांगावे.

दोन, कार्यालयात एक नूतनीकरण वही ठेवावी. नोंदणीकृत सभासदांची नावे, परिषद, नोंदणीची तारीख व मुदत त्यात लिहावी, आणि मुदतीपूर्वी सहा महिने घरी निरोप धाडावा. ह्यास एक वही आणि एक जबाबदार मनुष्य पुरेसा आहे.

तीन, वर्षातून दोन रविवारी, परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेच्या साहाय्याने, सभागृहात उजळणी वर्ग भरवावा. छाती दाबण्याचा सराव तर सर्वच सभासदांनी करावा.

चार, विधवा भगिनी, बाळंतपणामुळे घरी असलेल्या मुली आणि नोकरी गेलेले तरुण ह्यांची नूतनीकरण फी ट्रस्टने भरावी. रक्कम लहान आहे, परंतु तिने एक घर पुन्हा उभे राहू शकते.

आणि कुटुंबांनी प्रवेश घेण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रम किती तासांचा व किती वर्षांचा? परवानगी कोणाची, आणि तिचे पत्र कोठे आहे? शिक्षणानंतर नाव कोणत्या नोंदपुस्तकात जाईल? नूतनीकरण किती वर्षांनी व कोणत्या अटींवर? राज्य बदलल्यास काय करावे लागेल? ज्या संस्थेचा माणूस ह्या पाचांची उत्तरे न चुकविता देतो, तेथेच फी भरावी.

ज्या मुलीची हकीकत आम्ही आरंभी सांगितली, ती आता सुरतेत नोकरीस आहे. तिच्या घरी भिंतीवरचे प्रमाणपत्र तसेच आहे. पण त्याच्या चौकटीखाली तिने एक चिठ्ठी चिकटविली असून तिच्यावर पुढील नूतनीकरणाची तारीख ठळक लिहिली आहे. ज्या ज्या घरात असे प्रमाणपत्र असेल, त्या त्या घराने आज संध्याकाळीच तशी एक चिठ्ठी लावावी, एवढीच महोत्सवानिमित्त आमची विनंती.